आम्हाला विश्रांती नंतर द्या, आधी खरं बोलू द्या

सन्माननीय संचालक, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मनुष्यबळ विभागप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत तुमच्या परिपत्रकांची भाषा बदलली आहे. पूर्वी त्यांत हजेरी, शिस्त, उद्दिष्टं असे शब्द असायचे. आता ‘कामावरही स्वतःसारखे राहा’, ‘मनाची काळजी घ्या’, ‘स्वतःला नव्याने घडवा’ अशी वाक्यं येतात. सोबत ध्यानाचं एखादं ॲप असतं, तणावमुक्तीची कार्यशाळा असते, आरोग्य सप्ताह असतो. यामागचा हेतू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पैसे खर्च होतात, माणसं राबतात, कुणीतरी मनापासून आखणी करतं. तरीही हे पत्र लिहितोय, कारण या सगळ्यात क्रम उलटा लागला आहे.

मी मधल्या फळीतला माणूस. तुमचं म्हणणं खाली समजेल अशा भाषेत पोचवायचं आणि खालचं म्हणणं वर चालेल अशा भाषेत पाठवायचं, यातच माझा दिवस जातो. त्यामुळे दोन्ही बाजूंना काय बोललं जातं आणि काय गिळलं जातं, हे मला जवळून दिसतं. लोक कामानं थकतातच, पण जे खरं नाही ते खरं असल्यासारखं वागण्यानं त्याहून जास्त थकतात. कामाचा थकवा रजेनं उतरतो. हा दुसरा थकवा रजेवरून परतल्यावर पहिल्याच मिटिंगमध्ये पुन्हा शेजारी येऊन बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटचा समावेश केला, पण आजार म्हणून नव्हे. कामाशी निगडित स्थिती म्हणून त्याची नोंद झाली: कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ साचत गेला आणि तो नीट हाताळला गेला नाही, की उद्भवणारी अवस्था. तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. शक्ती संपून जाणं ही पहिली. कामापासून मनानं दूर जाणं, त्याबद्दल कडवटपणा येणं ही दुसरी. आपल्या हातून काही धड होत नाही, असं वाटू लागणं ही तिसरी.

पहिली खूण सगळ्यांना दिसते, कारण माणूस रजा मागतो, आजारी पडतो, डोळ्यांखाली काळं येतं. तिसरी अप्रेझलच्या वेळी आकड्यांतून उघडी पडते. दुसरी मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तीच करते. असा माणूस वेळेवर येतो, काम वेळेत देतो, मिटिंगमध्ये मान डोलावतो. तुमच्या टाऊन हॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, टाळ्याही वाजवतो. त्यानं फक्त मनातल्या मनात राजीनामा दिलेला असतो. त्याला तुम्ही शुक्रवारी दुपारी श्वासाचे व्यायाम शिकवायला बसवता. तो बसतो, डोळे मिटतो, आणि हा तास संपल्यावर किती मेल साचलेले असतील याचा हिशोब करतो.

क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर हे बर्नआउटवर कित्येक वर्षं काम करणारे मानसशास्त्रज्ञ. माणूस आणि काम यांचं कुठे बिनसतं, याच्या त्यांनी सहा जागा सांगितल्या: कामाचा बोजा, कामावरचं स्वतःचं नियंत्रण, मोबदला आणि दाद, सहकाऱ्यांशी असलेलं नातं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. यातली पहिली जागा सोडली तर बाकीच्या पाच ठिकाणी विश्रांतीचा फारसा उपयोग नाही. बढती कुणाला आणि का मिळाली हे कधीच सांगितलं जात नसेल, तर आठ तासांच्या झोपेनं त्यात काय बदलणार? भिंतीवर ‘ग्राहक प्रथम’ लिहिलेलं असेल आणि मिटिंगमध्ये ग्राहकाला नको असलेली गोष्ट कशी गळ्यात मारायची यावर चर्चा होत असेल, तर त्याच्यावर ध्यानाचं कुठलं आसन आहे?

बोजा महत्त्वाचा नाही, असं मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये एकत्रित अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त, आणि रक्तपुरवठा कमी पडून होणाऱ्या हृदयविकारानं मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त. तेव्हा तास कमी करता येत असतील तर ते जरूर करा. पण बहुतेक ठिकाणी तास कमी होत नाहीत, तास कसे सोसावेत याचं प्रशिक्षण मात्र मिळतं.

त्या प्रशिक्षणांचं काय होतं, याची तपासणीही झालेली आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जवळपास 5,000 कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. कुणाला आरोग्य कार्यक्रमात घ्यायचं आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं. 2019 मध्ये निष्कर्ष आले. आरोग्यावरचा खर्च, सवयी, कामगिरी यांत ठळक फरक आढळला नाही. यातली खरी मेख पुढे आहे. कार्यक्रमात स्वखुशीनं भाग घेणारे लोक मुळातच जास्त निरोगी होते, त्यामुळे भाग घेणारे आणि न घेणारे यांची नुसती तुलना केली असती तर कार्यक्रम झकास यशस्वी दिसला असता. तुमच्या टेबलावर येणारे बहुतेक ‘यशस्वी’ अहवाल अशाच तुलनेतून तयार होतात, हे लक्षात असू द्या.

ऑक्सफर्ड विद्यापीठातले संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांच्या माहितीचा अभ्यास मांडला. ताण सोसण्याचं प्रशिक्षण, सजगतेचे वर्ग, आरोग्याची ॲप यांचा लाभ घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा सुखी दिसले नाहीत. अपवाद फक्त समाजकार्याची संधी मिळालेल्यांचा. हा एका वेळचं चित्र टिपणारा अभ्यास आहे, त्यातून कार्यकारणभाव ठामपणे सिद्ध होत नाही, हे मान्य. पण इतक्या लोकांत फरक औषधालाही सापडू नये? आपल्याकडे याला ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ म्हणतात. इथे पखाल आम्ही आहोत.

आता ‘स्वतःसारखे राहा’ या सूचनेकडे वळतो. माझा तिच्यावर जरा रागच आहे.

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास मांडताना भावनांच्या श्रमांची कल्पना पुढे आणली. हसरा चेहरा हा त्या कामाचाच भाग असतो, आणि तो दोन प्रकारे आणता येतो. एक, आत काहीही चाललेलं असो, चेहऱ्यावर हसू चढवायचं. दुसरं, समोरचा घाबरलेला आहे, पहिल्यांदाच विमानात बसलेला आहे, असं काही मनाशी आणून आतूनच सौम्य व्हायचं. पुढच्या कित्येक अभ्यासांत असं दिसलं की पहिल्या प्रकाराचा भावनिक थकव्याशी घट्ट संबंध आहे, दुसऱ्याचा तितका नाही.

म्हणजे सभ्यपणे वागणं ही फसवणूक नव्हे. रात्रपाळीतली परिचारिका स्वतःची चिडचिड रुग्णावर काढत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही. शिक्षक घरची भांडणं वर्गात आणत नाही, यात कसलाही दांभिकपणा नाही. मनात येईल ते बोलून टाकणाऱ्याला आपण हल्ली फार लवकर ‘खरा माणूस’ म्हणून मोकळे होतो. अशा खऱ्या माणसाच्या हाताखाली काम करून पाहावं. आपला प्रत्येक मूड तो इतरांवर सोडतो आणि वर ‘मी असाच आहे, स्पष्ट बोलतो’ म्हणून प्रशस्तिपत्रही स्वतःच घेतो.

शिवाय मला माझं संपूर्ण ‘स्व’ ऑफिसात आणायचं नाहीये. त्यातला बराचसा भाग घरी ठेवणं हा माझा हक्क आहे. माझी भीती, माझं आजारपण, माझ्या आईवडिलांची काळजी यांबद्दल ‘मोकळेपणाच्या वर्तुळात’ बसून अनोळखी प्रशिक्षकासमोर बोलावं, अशी अपेक्षा मला घुसखोरी वाटते. आणि तिथे बोललेलं पुढे बढतीच्या चर्चेत कुणाला तरी आठवणारच नाही, याची हमी कोण देणार?

मला हवा असलेला खरेपणा यापेक्षा खूप साधा आहे. जे खोटं आहे हे आपल्या दोघांनाही माहीत आहे, ते मला खरं म्हणून सांगायला लावू नका. काम तीन महिन्यांचं असताना सहा आठवड्यांत होईल, असं माझ्याकडून वदवून घेऊ नका. दोन माणसं गेली आणि त्यांच्या जागा भरायच्या नाहीत असं ठरलं असेल, तर त्याला ‘रचना अधिक चपळ करणं’ म्हणायला लावू नका. जागा भरणार नाही, पैसे नाहीत, असं सरळ सांगा. लोक रागावतील, दोन दिवस बोलतील, मग कामाला लागतील. रागावलेला माणूस अजून तुमच्याशी बोलत असतो. गुळमुळीत उत्तर मिळालेला माणूस तेही थांबवतो.

प्रकल्पाच्या साप्ताहिक अहवालाचा प्रवास तुम्ही कधी उलट दिशेनं केला आहे का? काम प्रत्यक्ष करणारी मुलगी काम अडलंय म्हणून तिच्या रकान्यात लाल रंग भरते. तिचा टीम लीडर म्हणतो, लाल टाकलं तर प्रश्न विचारत बसतील, पिवळा टाक, पुढच्या आठवड्यात सावरून घेऊ. तो पिवळा विभागप्रमुखाकडे येतो, त्याच्याकडे असे पाच पिवळे असतात, आणि पाच पिवळे एकदम वर पाठवणं बरं दिसत नाही. तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर सगळं हिरवंगार झालेलं असतं. या साखळीत कुणीही धडधडीत खोटं बोललेलं नाही. प्रत्येकानं फक्त एक छटा फिकी केली. पण त्या मुलीला आपला लाल कुठे गेला ते कळलेलं असतं, आणि पुढच्या वेळी ती स्वतःच पिवळ्यापासून सुरुवात करते. कर्मचारी मनानं दूर जातात म्हणजे नेमकं काय होतं, ते शोधायचं असेल तर इथे शोधा.

अहवालातले रंग ही फार क्षुल्लक बाब वाटत असेल, तर 27 जानेवारी 1986 ची रात्र आठवा. चॅलेंजर या अवकाशयानाचं उड्डाण दुसऱ्या दिवशी होतं. त्याचे रॉकेट बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतल्या अभियंत्यांनी दूरध्वनी बैठकीत विरोध केला: थंडी फार आहे, बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी कड्या इतक्या थंडीत नीट सील करतील याची खात्री नाही. नासाच्या अधिकाऱ्यांना हा विरोध रुचला नाही. मग कंपनीच्या वरिष्ठांनी आपापसांत चर्चेसाठी वेळ घेतला, आणि त्या चर्चेत अभियांत्रिकीच्या प्रमुखाला सांगण्यात आलं की आता अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. त्यानं ती घातली. कंपनीनं होकार कळवला. उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले.

यातला टोपीचा भाग माझ्या डोक्यातून जात नाही. त्या माणसाला कुणी धमकावलं नव्हतं. तू जो आहेस आणि तुला जे कळतं, ते थोडा वेळ बाजूला ठेव, एवढीच विनंती होती. आमच्यासारख्यांना ही विनंती आठवड्यातून कितीदा तरी होते. सुदैवानं बहुतेक वेळा कुणी मरत नाही, म्हणून ती विनंती किती मोठी आहे हे कळत नाही.

पण खरा धडा पुढचा आहे, आणि तो संस्थेच्या नूतनीकरणाचा आहे. अपघातानंतर चौकशी झाली, बूस्टरच्या सांध्याची रचना बदलली गेली, सुरक्षेसाठी नवी यंत्रणा उभी राहिली, दोन वर्षांहून अधिक काळ उड्डाणं थांबली. संस्था नवी झाली असं वाटावं इतकं सगळं झालं. मग 1 फेब्रुवारी 2003 रोजी नासाचंच कोलंबिया हे अवकाशयान परतीच्या वाटेवर कोसळलं. या वेळी कारण वेगळं होतं. उड्डाणावेळी फोमचा तुकडा सुटून पंखावर आदळला होता. यान कक्षेत असतानाच काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रं मिळवावीत अशी मागणी केली होती. ती मागणी पुढे गेली नाही. चौकशी मंडळानं आपल्या अहवालात स्पष्ट नोंदवलं की या अपघाताला फोम जितका कारणीभूत आहे, तितकीच संस्थेची संस्कृतीही आहे. सांधा नवा बसवला होता. खालून आलेली शंका ऐकण्याची पद्धत जुनीच राहिली होती.

गंमत म्हणजे याच नासाकडे 1976 पासून एक वेगळीच योजना आहे. अमेरिकेतले वैमानिक, हवाई वाहतूक नियंत्रक आणि विमान क्षेत्रातले इतर लोक आपल्या हातून घडलेल्या किंवा डोळ्यांसमोर टळलेल्या चुका तिथे कळवू शकतात. कळवणाऱ्याची ओळख पुसली जाते, आणि जाणूनबुजून न केलेल्या चुकीसाठी त्याला दंडापासून काही अटींवर संरक्षण मिळतं. लाखो अहवाल आले, त्यांतून इतरांना सावधगिरीच्या सूचना गेल्या. दुसऱ्यांच्या चुका इतक्या सन्मानानं ऐकणारी संस्था स्वतःच्या अभियंत्यांना ऐकू शकली नाही. मला यात ढोंग दिसत नाही. चांगली यंत्रणा एका खोलीत असू शकते आणि शेजारच्या खोलीत तिचा मागमूसही नसतो. तुमच्या संस्थेतही असा एखादा विभाग असेल, जिथे लोक भीती न बाळगता बोलतात. तो शोधा. तिथल्या प्रमुखाला पुरस्कार देऊ नका, फक्त तो मिटिंग कशी घेतो ते मागे बसून पाहा.

असा विभाग ओळखताना आकड्यांवर मात्र जाऊ नका. संस्थांमधल्या वागणुकीच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चमूंकडून औषधांच्या चुका कमी होत असतील अशी अपेक्षा होती. निघालं उलटं. चांगल्या चमूंच्या नावावर चुका जास्त होत्या. नंतर उलगडा झाला की त्या चमू चुका लपवत नव्हत्या, म्हणून त्यांचा आकडा मोठा होता. तुमच्याकडे ज्या विभागाच्या तक्रारी शून्य आहेत, तिथे एकदा जाऊन या.

आकडे सुंदर आणि आतला कारभार सडलेला, याचं ठळक उदाहरण अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं. नीतिमत्तेच्या पुस्तिका होत्या, मूल्यं छापलेली होती आणि विक्रीची उद्दिष्टं इतकी चढी होती की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या परवानगीविना लाखो खाती उघडली. 2016 मध्ये 18 कोटी 50 लाख डॉलरचा दंड झाला, त्याआधीच्या काही वर्षांत सुमारे 5,300 कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं होतं. म्हणजे एवढे लोक काढूनही प्रश्न माणसांचा आहे की उद्दिष्टाचा, हे कुणी विचारलं नसावं.

नूतनीकरण म्हटलं की तुम्ही काहीतरी नवीन आणता. नवं घोषवाक्य, नवी समिती, नवं पोर्टल, नवा कौशल्य आराखडा. 2021 मध्ये नेचर या नियतकालिकात व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांचं काम प्रसिद्ध झालं. एखादी गोष्ट सुधारायला सांगितली की लोक त्यात भर घालण्याचे उपाय आधी शोधतात. काढून टाकण्याचा उपाय सोपा आणि स्वस्त असला तरी तो त्यांना बरेचदा सुचतच नाही. संस्थांना तर तो मुळीच सुचत नाही, कारण भर घालणाऱ्याचं नाव होतं आणि काढून टाकणाऱ्याला शत्रू मिळतात.

आपल्या शरीराला हे चांगलं समजतं. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी नवा होतो. त्यात नवं हाड घडवणाऱ्या पेशींच्या आधी जुनं हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. आधी पाडकाम, मग बांधकाम. काही लोकांमध्ये जन्मतःच या पाडकाम करणाऱ्या पेशी नीट चालत नाहीत. त्या आजाराला ऑस्टिओपेट्रोसिस म्हणतात. त्यांची हाडं क्ष-किरण चित्रात भरीव आणि दाट दिसतात, आणि सहज मोडतात.

तुमच्या संस्थेचं असं चित्र काढलं तर काय दिसेल? जो अहवाल मागवणारे साहेब कधीच निवृत्त झाले, तो अजून दर महिन्याला भरला जातो. एका जुन्या गैरव्यवहारानंतर सुरू झालेल्या सात सह्या आजही साध्या खरेदीला लागतात. सोमवारची मिटिंग मंगळवारच्या मिटिंगची तयारी करण्यासाठी होते. हे सगळं तसंच ठेवून त्याच्यावर आरोग्य सप्ताह आला की तोही आणखी एक भरायचा फॉर्म होऊन बसतो. किती जणांनी ध्यान केलं, याची टक्केवारी विभागवार मागवणारा मेल मी स्वतः खाली पाठवलेला आहे. त्याच्या विषयात ‘तातडीचे’ असं लिहिलेलं होतं.

माणसाच्या स्वतःच्या नूतनीकरणाबद्दल फार लांबण लावत नाही. साबिने झोनेनटाग या मानसशास्त्रज्ञ कामानंतर माणूस पुन्हा ताजा कसा होतो याचा अभ्यास करतात. कामापासून मनानं सुटणं, शरीर आणि मन सैल होणं, कामाबाहेर काहीतरी नवं शिकून त्यात हात बसवणं, आणि मोकळ्या वेळावर स्वतःचा ताबा असणं, या चार गोष्टी त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा येतात. त्यांनीच दाखवून दिलेली एक विसंगती मला फार खरी वाटते. ज्यांच्यावर ताण सर्वाधिक असतो, त्यांना सावरण्याची गरज सर्वाधिक असते, आणि नेमकं त्यांनाच ते सगळ्यात कमी जमतं. दमलेल्या माणसाला ‘स्वतःसाठी वेळ काढा’ सांगून भागत नाही ते यामुळेच. त्याच्याकडून तो वेळ घेतला जाऊ नये, एवढी व्यवस्था वरून व्हावी लागते.

फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आला, आणि 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना त्याबद्दल कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. कायद्यानं सगळं साधतं असं मी म्हणत नाही. पण रात्री साडेअकराला आलेल्या तुमच्या मेलच्या तळाशी ‘उत्तराची घाई नाही’ असं लिहून काहीच साधत नाही, हे नक्की. तुम्ही जागे आहात एवढंच त्यातून खाली पोचतं, आणि पंधरा मिनिटांत तीन विभागप्रमुख उत्तर देतात. मेल सकाळी जाईल असं लावून ठेवण्याची सोय आहे, ती वापरा. आणि रजेवर गेलात तर खरोखर जा. समुद्रकिनाऱ्यावरून मिटिंगला हजर राहणारे साहेब निष्ठेचं उदाहरण घालून देतात असं तुम्हाला वाटत असेल. खाली त्याचा अर्थ इतकाच लागतो की रजा ही बोलायची गोष्ट आहे, घ्यायची नाही.

कर्मचाऱ्यांची यात काहीच जबाबदारी नाही का? आहे. ‘वरून आलंय’ या दोन शब्दांआड लपणं आम्हाला फार सोयीचं झालेलं आहे. प्रत्येक गोष्टीला मम म्हणायचं आणि नंतर चहाच्या वेळी संस्थेला नावं ठेवायची, यात कसलं आलंय धाडस. पण दोन्ही बाजूंना जबाबदारी असली तरी किंमत सारखी नसते. खालच्यानं खरं बोललं तर त्याची वेतनवाढ जाऊ शकते. तुम्ही खरं बोललात तर फार तर एक मिटिंग अवघड जाते. म्हणून सुरुवात तुमच्याकडून हवी.

ती कशी, याबद्दल माझ्या काही मागण्या आहेत. वार्षिक अहवालात या वर्षी काय सुरू केलं याची पानं असतातच, त्यात एक पान काय बंद केलं याचं असू द्या. त्या पानावर निदान एक गोष्ट अशी हवी, जी तुमच्यापैकी कुणीतरी स्वतः सुरू केलेली होती.

निनावी पाहणी घेता, त्याचे निकाल पूर्ण दाखवा, सगळ्यात वाईट गुण मिळालेल्या प्रश्नासकट. त्यावर काही करणार नसाल तर करणार नाही असं लिहा, कारण लिहा. ती निनावी असेल तर खरोखर निनावी ठेवा. विभाग, वय, हुद्दा आणि नोकरीची वर्षं विचारल्यावर चार माणसांच्या विभागात कोण कोण आहे हे ओळखायला गुप्तहेर लागत नाही. आमच्या विभागात अशा पाहणीत सगळे सगळ्याला ‘समाधानी’ वर खूण करतात आणि तुम्ही तो आकडा पुढच्या परिपत्रकात अभिमानानं छापता.

सोडून जाणाऱ्याची मुलाखत तो जाताना घेता. तेव्हा त्याला फक्त अनुभवाचं पत्र हवं असतं, तो गोडच बोलणार. तेच प्रश्न राहणाऱ्यांना वर्षातून एकदा विचारा. ते उत्तर देतील की नाही, हे मागच्या वेळी उत्तर देणाऱ्याचं काय झालं यावर ठरेल.

आणि कुणी लाल रंग घेऊन तुमच्यापर्यंत पोचलं, तर पहिला प्रश्न ‘हे आत्ता का सांगताय?’ असा नसावा. त्या एका प्रश्नानं पुढच्या वर्षभराचे लाल हिरवे होतात. ‘काय हवंय?’ एवढं विचारलंत तरी पुष्कळ.

पुढचा आरोग्य सप्ताह ठरला असेलच. त्यातला एखादा तास आम्हाला द्या. पाहुणा वक्ता नको, ॲपचं सादरीकरण नको. आपल्याकडे नियमितपणे बोललं किंवा लिहिलं जाणारं कोणतं वाक्य खोटं आहे, एवढाच प्रश्न विचारा आणि वहीत लिहून घ्या. त्या तासात उत्तर द्यायचं नाही, स्पष्टीकरण द्यायचं नाही, ‘यामागची पार्श्वभूमी अशी आहे’ असंही म्हणायचं नाही. पहिली वीस मिनिटं बहुधा कुणीच बोलणार नाही. तेव्हा घड्याळ पाहून उठू नका. मनुष्यबळ विभागाला एक विनंती: त्या तासाचे फोटो काढू नयेत.

आपला,
मधल्या फळीतला एक विभागप्रमुख